बघायचं की बसून जेवायचं?

डोळखांब भागातून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय. संध्याकाळची वेळ आहे. कुणाची चूल पेटली असेल, कुणी तांदूळ निवडत बसली असेल. हातातलं काम थांबवू नका, कान तेवढा इकडे द्या.

आज आम्ही आमच्या सहलीची गोष्ट सांगणार आहोत. खरं तर सहलीपेक्षा ती ठरवण्याचीच गोष्ट जास्त आहे. कारण सहल एक दिवसाची झाली आणि ठरवायला तीन बैठका गेल्या. त्या तीन बैठकांत आम्ही भांडलो, रुसलो, पुष्कळ काही शिकलो, आणि एक चूकही केली. ती चूक शेवटी सांगतो. तुमच्या गटात होऊ नये म्हणून सांगतो.

आम्ही सोळा जणी. कर्जाच्या बचतीशिवाय महिन्याला ४० रुपये फिरण्यासाठी वेगळे काढायचे, असं आम्ही ठरवलं होतं. वर्षाला एकीचे ४८० रुपये होतात. दरवर्षी त्यात टिटवाळ्याचा गणपती नाहीतर वज्रेश्वरी ठरलेली. या वेळी मात्र पोरींनी वेगळंच काढलं. टीव्हीवर ‘फत्तेशिकस्त’ लागला होता. दिग्पाल लांजेकरांचा हा सिनेमा २०१९ साली आला. महाराज रातोरात लाल महालात शिरून शाइस्तेखानाची बोटं तोडतात, त्या प्रसंगावरचा. त्यात बहिर्जी नाईक वेष पालटून बातम्या काढतात, ते बघून पोरी नुसत्या हरखल्या. मग कुणीतरी ‘राझी’चं नाव काढलं. १९७१ च्या लढाईच्या वेळची ती गोष्ट. एक पोरगी शत्रूच्या देशात सून म्हणून नांदायला जाते आणि घरात राहून बातम्या काढते. आमची एक वहिनी म्हणाली, “सुनेला कोण बघतंय? तिच्या हातातला चहा तेवढा दिसतो. हेर व्हायला सुनेसारखी दुसरी कोण नाही!” आम्ही पोट धरून हसलो.

तिथूनच विषय निघाला. या वेळी देवदर्शन नको, हेरांच्या सिनेमातलं काहीतरी बघू या.

दोन सूचना पुढे आल्या. पहिली, पुण्याला जाऊन लाल महाल बघायचा. दुसरी ठाण्यात कामाला असलेल्या एका पोरीची. ती म्हणाली, मुंबईत एक हॉटेल आहे, आतून हेरांच्या सिनेमासारखं सजवलेलं. दारात परवलीचा शब्द सांगायचा, मगच आत घेतात. आत अंधुक दिवे, भिंतीत चोरदार, पदार्थांनाही गुप्त नावं. एका माणसाचं बिल आमच्या वर्षाच्या ४८० रुपयांच्या दुपटीहून जास्त. पण तिचं म्हणणं, “एकदाच तर जायचंय. दोन वर्षांचे पैसे घाला.”

आम्हाला वाटलं, म्हाताऱ्या लाल महालाच्या बाजूने बोलतील आणि पोरी हॉटेलच्या. झालं उलटंच. आमच्यातली सगळ्यात वयस्कर आजी म्हणाली, “मला हॉटेलात जायचंय.”

सगळ्या गप्प. एक जण म्हणाली, “आजी, तिथलं जेवण तुला चावणार नाही.”

आजी म्हणाली, “काय का असेना. वयात आल्यापासून मी दुसऱ्यांना वाढत आले. लग्नात गेले तरी पंगतीत वाढायलाच उभी. मला एकदा ताट पुढ्यात येऊ दे. मी बसून खाईन आणि ताट तिथंच ठेवून उठेन.”

मैत्रिणींनो, तोवर हॉटेलचं नाव निघालं की आम्ही हसत होतो. आजी बोलली आणि हसू थांबलं. आमच्यातल्या प्रत्येकीला ते आपलंच वाटलं. बाहेर जेवणं म्हणजे चैन, उधळपट्टी, असं आपणच म्हणतो. पण रोज दोन वेळा चुलीपुढे बसणाऱ्या बाईला कुणी गरम वाढणं, हीसुद्धा बघण्यासारखी जागाच की. म्हणून आम्ही ठरवलं, दोन्ही सूचनांचा नीट विचार करायचा.

दुसऱ्या बैठकीपर्यंत पोरींनी माहिती काढली. ती तुम्हालाही सांगतो, कारण बाहेरच्या जगात हा मोठा धंदा आहे. सिनेमाच्या नावावर तीन तऱ्हेच्या जागा दाखवतात. पैसे द्यायच्या आधी यातली कुठली आहे, हे ओळखता आलं पाहिजे.

पहिली तऱ्हा, जिथे सिनेमाचं शूटिंग झालं ती जागा. राजस्थानात उदयपूर आहे. तिथे १९८३ साली आलेल्या ‘ऑक्टोपसी’ या जेम्स बाँडच्या सिनेमाचं शूटिंग झालं. आपला कबीर बेदी आणि टेनिस खेळणारा विजय अमृतराज दोघंही त्यात आहेत. पिचोला तलावाच्या मधोमध पांढरा महाल आहे, तो सिनेमात दिसतो. आज तिथे महागडं हॉटेल आहे, पण काठावरून तो फुकट दिसतो. आणि गंमत ऐका. तलावाजवळची काही लहान हॉटेलं वर्षानुवर्षं संध्याकाळी तोच सिनेमा लावतात. जेवता जेवता सिनेमा बघायचा, मान वळवली की खरा महाल समोर.

दुसरी तऱ्हा, जिथे ती गोष्ट खरोखर घडली ती जागा. सिनेमाचं शूटिंग तिथे झालेलं असो नसो. लाल महाल त्यातला.

तिसरी तऱ्हा, सिनेमासारखी सजवलेली जागा. तिथे काही घडलेलं नसतं आणि शूटिंगही झालेलं नसतं. अमेरिकेत मिलवॉकी शहरात ‘सेफ हाऊस’ नावाचं असं हॉटेल १९६६ पासून आहे. बाहेर पाटी निर्यातीच्या कंपनीची. आत जायला परवलीचा शब्द लागतो. तो माहीत नसेल तर दारात काहीतरी वेडेचाळे करून दाखवायचे. आत बसलेले लोक ते टीव्हीवर बघून हसतात. त्यांच्यात ती थट्टाच असते, गिऱ्हाईकही हसतं.

कधी कधी या तऱ्हा एकमेकींत मिसळतात. स्वित्झर्लंडमध्ये शिलथॉर्न नावाच्या डोंगरमाथ्यावर गोल फिरणारं हॉटेल आहे. उंची २९७० मीटर. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे अंदाज येईल. हॉटेलचं काम चालू असताना बाँडच्या सिनेमावाल्यांना ती जागा आवडली. त्यांनी आतल्या कामाला पैसे दिले आणि तिथे शूटिंग केलं. १९६९ साली सिनेमा आला. आजही लोक त्या नावानेच तिथे जेवायला जातात. तिथे फिरणं आणि जेवणं एकच झालंय.

दारातल्या परवलीच्या शब्दाची गोष्ट ऐकताना पोरी हसत होत्या. पण आमच्यातल्या दोघी हसल्या नाहीत. एक म्हणाली, “दारात उभं राहायचं, शब्द येत नाही, आणि आतले आपल्याकडे बघून हसतात. हे मी पैसे देऊन कशाला करू? ऑफिसात अर्ज घेऊन गेले की हेच फुकटात होतं.” तिला लिहिता-वाचता येत नाही. ज्याला रोज दार उघडं असतं, त्याला बंद दाराचा खेळ गमतीचा वाटतो. आम्ही किती दारांत असा शब्द न येता उभ्या राहिलोय, ते आमचं आम्हाला माहीत.

मग आम्ही म्हटलं, बहिर्जींचं नाव घेतोय तर त्यांच्यासारखं काम करू. सिनेमात वेष पालटणं आणि मारामारी जास्त दिसते. खरं काम बातमी आणण्याचं. जुन्या मराठीत हेराला जासूद म्हणायचे, नजरबाज म्हणायचे. सभासदाच्या बखरीत बहिरजी जाधव या जासुदाचं नाव येतं. सुरतेची बातमी त्याने आणली, मग महाराज सुरतेवर गेले. ती १६६४ ची स्वारी. आधी बातमी, मग पाऊल. बहिर्जींची समाधी सांगली जिल्ह्यात बाणूरगडावर दाखवतात.

आणि फार लांब कशाला जायचं? आसनगाव स्टेशनवर दिवसा उभं राहिलं की माहुलीचे सुळके दिसतात. शहाजीराजांच्या पडत्या काळात त्यांचं कुटुंब या गडावर राहिलं होतं. पुढे पुरंदरच्या तहात गड मोगलांना गेला. १६७० साली महाराजांच्या माणसांनी तो परत घ्यायचा प्रयत्न केला. पण मोगलांचा किल्लेदार मनोहरदास गौड सावध होता. तो प्रयत्न फसला, पुष्कळ माणसं पडली. त्याच वर्षी जून महिन्यात मोरोपंत पिंगळ्यांनी गड घेतला. आपण त्या डोंगराखालून लोकलने जातो-येतो, पण पोराबाळांना कधी हे सांगत नाही.

तर आम्हीही बातमी काढली. ठाण्याच्या पोरीने हॉटेलात जाऊन विचारलं. कळलं ते असं: परवलीचा शब्द इंग्रजीत, जेवणाचं कार्डही इंग्रजीत, दोन तासांत टेबल सोडायचं, लहान मुलं चालणार नाहीत. आमच्यातल्या दोघींची मुलं अंगावरची. म्हणजे त्या दोघी बाद.

इकडे दोघींनी शहापूरच्या एसटी डेपोत चौकशी केली. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, हे तुम्हाला ठाऊक असेलच. ७५ वर्षांवरच्यांना तिकीटच नाही, फक्त वयाचा पुरावा जवळ ठेवायचा. आमची आजी ७८ ची. तिचं ऐकून सगळ्या म्हणाल्या, “आजी, तू तर सरकारची पाहुणी!” पुण्यात एकीची नणंद राहते. तिला फोन करून लाल महाल किती वाजता उघडतो, संडासाची सोय कुठे आहे, जवळ घरगुती खाणावळ आहे का, ते विचारून घेतलं. संडासाचं आधी विचारत जा. लाजू नका. आपण बाया दिवसभर पाणी न पिता फिरतो आणि मग आजारी पडतो.

तिसऱ्या बैठकीत ठरलं. लाल महालही बघायचा आणि बसून जेवायचंही. सजवलेल्या हॉटेलात नाही, साध्या खाणावळीत. पण एक अट सगळ्यांनी मान्य केली. डबा कुणी न्यायचा नाही. पिशवीत भाकरी-चटणी भरायला आपला हात आपोआप जातो. आजीसाठी त्या दिवशी हाताला आवरायचं.

भातझोडणी उरकल्यावर आम्ही निघालो. पहाटे चारला जीप, आसनगावहून लोकल, कल्याणहून पुण्याची एसटी. घाटात उजाडलं. एकीने पहिल्यांदाच बोगदा बघितला. तिने डोळे घट्ट मिटून घेतले आणि मग उघडून खिडकीला चिकटून बसली.

लाल महालात पाय ठेवला आणि आमचा थोडा हिरमोडच झाला. आम्हाला वाटलं होतं, जुने दगड असतील, काळोख्या खोल्या असतील. तिथे कळलं की शहाजीराजांनी बांधलेला मूळ महाल केव्हाच पडला. आज उभी आहे ती इमारत पुणे महानगरपालिकेने १९८० नंतर त्या जागेच्या एका भागात नव्याने बांधली. पोरगी लगेच म्हणाली, “मग हेही सजवलेलंच की! माझ्या हॉटेलला नावं ठेवलीत ना?”

तिचं खोटं नव्हतं. आम्ही जरा खजील झालो. तेवढ्यात आमच्यातल्या एकीने ५ एप्रिल १६६३ च्या रात्रीची गोष्ट सांगायला घेतली. तिने ती मुलाच्या पुस्तकातून वाचून घेतली होती. खान पुण्यात मोठं सैन्य घेऊन बसला होता. रमजानचा महिना. पहाटेच्या जेवणासाठी खानाचे आचारी उठले होते. महाराज आणि त्यांची माणसं आत शिरली ती मुदपाकखान्यातून, म्हणजे स्वयंपाकघरातून. तिथून जनान्याकडे जायचं एक लहान दार माती-विटांनी बुजवलेलं होतं. ते फोडून ती आत गेली.

आम्ही बघतच राहिलो. एवढ्या मोठ्या लढाईचा रस्ता चुलीपाशून गेला! वहिनी म्हणाली, “ते दार तिथं आहे हे कुणाला ठाऊक असणार? ज्याला स्वयंपाकघर ठाऊक, त्याला.” ती बातमी कुणी आणली, ते आम्ही सांगू शकत नाही. पण महालापेक्षा आम्हाला ते दारच जास्त लक्षात राहिलं. इमारत नवी असली तरी जमीन तीच आहे. त्या जमिनीवर उभं राहून ही गोष्ट बोललो म्हणून ती आमच्याबरोबर घरी आली. पुढच्या आठवड्यात आमच्या पोराबाळांना ती तोंडपाठ होती.

मग खाणावळ. आमच्या पैशात थाळी बसेना, म्हणून प्रत्येकीने वरून ५० रुपये घातले. दोघींकडे नव्हते, त्यांना गटाने उसने दिले. आजीला मधोमध बसवलं. ताट पुढ्यात आलं. वरण-भात, पोळी, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, एक वाटी खीर. वाढणाऱ्या पोराने विचारलं, “आजी, आणखी पोळी?” आजी त्याच्याकडे बघतच राहिली. नको म्हणायचं की हो, तिला सुचेना. शेवटी म्हणाली, “तू जेवलास का रे बाबा?” तो हसला, म्हणाला, “तुमचं होऊ द्या.”

जेवण झाल्यावर तिचा हात सवयीने ताटाकडे गेला. आम्ही सगळ्या ओरडलो, “आजी, ताट ठेव!” तिने हात मागे घेतला. उठली. दारापर्यंत गेली आणि एकदा मागे वळून त्या ताटाकडे बघितलं. घरी येईपर्यंत ती फार बोलली नाही.

आता ती चूक.

आम्ही सोळा जणी म्हटलं, पण पुण्याला गेलो पंधरा. आमच्यातली एक दरवर्षी दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर वीटभट्टीवर जाते. तिने पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं, “काय ते लवकर ठरवा, शेठची गाडी कधी येईल सांगता येत नाही.” आम्ही हो म्हटलं आणि भांडत बसलो. हॉटेल की लाल महाल, यात तीन आठवडे गेले. सहलीच्या दोन दिवस आधी गाडी आली. संसार भांड्यांसकट गाडीत चढला. जाताना ती आमच्यातल्या एकीला म्हणाली, “मला तुम्ही कुठंही नेलं असतं तरी चाललं असतं.”

मैत्रिणींनो, हे वाक्य आम्हाला अजून टोचतं. आम्ही कुठे जायचं यावर वाद घालत होतो आणि कोण येऊ शकेल याकडे बघितलं नाही. बातमी आमच्यासमोर होती, तिने स्वतःच्या तोंडाने दिली होती. आम्ही ती ऐकली नाही. बहिर्जींचं नाव घेणाऱ्यांनी तरी ऐकायला हवी होती.

म्हणून तुमच्या गटात असा प्रश्न आला, तर आमच्या अनुभवातून चार गोष्टी सांगतो.

सगळ्यात आधी तारीख ठरवा, जागा नंतर. आणि तारीख जिची सगळ्यात अडचणीची आहे तिला विचारून ठरवा. भट्टीवर जाणारी, बाळंतीण, सासऱ्याचं दुखणं काढणारी.

दुसरं, जागा कुठल्या तऱ्हेची आहे ते विचारा. शूटिंगची, घडलेल्या गोष्टीची की नुसती सजवलेली? तिन्हीत मजा आहे. पण पैसे कशाचे देतोय ते कळलं पाहिजे.

तिसरं, दोघींना पुढे पाठवा नाहीतर फोन करा. तिकीट, वेळ, संडास, जेवण, लहान मुलं चालतात का, पायऱ्या किती. आणि तिथली भाषा सगळ्यांना येते का, हेही. एकीला जरी दारात मान खाली घालावी लागणार असेल, तर ती जागा गटाची नाही.

चौथं, सहलीत एक जेवण बसून ठेवा. डब्याने पैसे वाचतात, खरं आहे. पण वर्षातून एकदा तुमच्या आजीला, सासूला, तुम्हालाही कुणीतरी विचारू दे, आणखी पोळी वाढू का.

आमच्या सोळाव्या मैत्रिणीचे ४८० रुपये आम्ही तसेच ठेवलेत. पावसाच्या आधी ती परत येईल. यंदाची तारीख तीच सांगणार आहे. जागाही तिनेच सांगावी असं ठरलंय. ती वज्रेश्वरी म्हणाली तर वज्रेश्वरी. मुंबईचं ते हॉटेल म्हणाली, तर परवलीचा शब्द सोळा जणी पाठ करून जाऊ.

तोवर चुलीवरचं बघा, करपू देऊ नका. पुन्हा भेटू. नमस्कार.